पाठीतले पाणी आणि पार्किन्सन्सचे निदान
वडिलांना वास येईनासा झाला आहे, तर हे पार्किन्सन्सचे (हालचाली मंदावणाऱ्या मेंदूविकाराचे) लक्षण आहे का हे पाहण्यासाठी पाठीतले पाणी, म्हणजे मणक्यातला द्रव, तपासून घ्यावे का, असे नाशिकरोडच्या ताईंनी विचारले आहे. पार्किन्सन्समध्ये मेंदूत साचणाऱ्या, चुकीची घडी पडलेल्या अल्फा-सायन्यूक्लिन प्रथिनाचा अत्यल्प अंशही निरोगी प्रथिनाला तशीच घडी पाडतो, या गुणावर या पाण्याची चाचणी आधारलेली असून, 2023 मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 1,123 जणांच्या अभ्यासात तिने पार्किन्सन्सचे सुमारे 88 टक्के रुग्ण ओळखले, गंधज्ञान मंदावलेल्या रुग्णांत हे प्रमाण त्याहून जास्त, तर पार्किन्सन्सशी संबंधित एलआरआरके2 जनुकात बदल असलेल्या रुग्णांत बरेच कमी होते. तरीही केवळ वास येत नाही म्हणून कमरेत सुई टोचून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण हा आजार थांबवणारे औषध अजून उपलब्ध नाही आणि वास सायनसच्या त्रासानेही जातो. आधी नाशिकमध्येच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. झोपेत हातपाय झाडणे किंवा हालचाली मंदावणे दिसत असेल, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.