दगडू-धोंडू वेगळे, नकुशी वेगळी

नकुशी (म्हणजे नकोशी), दगडू आणि धोंडू ही तिन्ही नावं 'दृष्ट लागू नये म्हणून' ठेवतात असं म्हटलं जातं. दगडू, धोंडू, केरू यांच्याबाबत ते खरं आहे. आधीची मुलं दगावली की पुढच्याला मुद्दाम हलकं नाव द्यायचं, म्हणजे मरणाचं त्याच्याकडे लक्ष जाणार नाही. मंगोलियात याच कारणाने 'नेरगुई' म्हणजे बिननावाचा, 'एनेबिश' म्हणजे हा नव्हे, अशी नावं ठेवतात. मूल जगावं ही आस त्यामागे असते.

नकुशीमागे ती आस नाही, म्हणून तिला या यादीत घालू नये. मुलीवर मुलगी झाली, आता पुढचा मुलगा होऊ दे, एवढंच त्यात आहे. तिच्या जवळची नावं म्हणजे तुर्की 'येतेर', अर्थात पुरे, आणि चिनी 'चाओदी', धाकट्या भावाला बोलावून आणणारी. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जाहीर समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली.

मात्र नुसत्या बारशाने कागद बदलत नाहीत. पालकांनी राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा आणि त्या प्रतीवर शाळेचं जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांची मूळ नोंदवही) व आधार दुरुस्त करून घ्यावं. हे दहावीचा अर्ज भरण्याआधीच उरका. रजिस्टरमध्ये जुनं नाव राहिलं तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तेच उतरतं. जन्मनोंदीत नावाची जागा कोरी असेल तर काम सोपं आहे: १२ महिन्यांत विनाशुल्क, नंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं.