अंतुल्यांचं 'रायगड': आपलेपणा की निष्ठेची हजेरी?

रेवदंडेकर:
आमचा जिल्हा 1981 पर्यंत कुलाबा होता हे हल्लीच्या पोरांना सांगून पटत नाही. रायगड नाव दिलं ते बॅरिस्टर अंतुल्यांनी, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचा माणूस, राज्याचे पहिले आणि अजूनपर्यंतचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्याच वर्षी रत्नागिरीतून नवा जिल्हा काढला, त्यालाही नाव महाराजांच्याच किल्ल्याचं, सिंधुदुर्ग. वर लंडनहून भवानी तलवार आणतो म्हणाले (ती काही आली नाही). माझं मत असं की अल्पसंख्याक समाजातला नेता देशाची किंवा राज्याची ओळख खरंच घडवू शकतो. महाराज सगळ्यांचे हे भाषणात शंभर जण म्हणतात, या माणसाने ते सरकारी नकाशावर आणलं. पटतंय का?

पेठेतला_नाना:
नाही पटत. हेच नाव एखाद्या मराठा मुख्यमंत्र्याने दिलं असतं तर तुम्ही एवढं लिहिलं असतंत का? नसतंच. म्हणजे कौतुक कशाचं, तर मुसलमान असून दिलं याचं. ओळख आधीच ठरलेली असते, त्यांनी फक्त 'हजर' म्हणायचं. आणि एवढी हजेरी लावून शेवटी काय, 2006 मध्ये केंद्रात अल्पसंख्याक खातं नवीन निघालं तर पहिले मंत्री कोण? अंतुले. रायगड नाव देणाऱ्याला दिल्लीने बरोबर त्याच्या रकान्यात बसवलं.

महाडचा_मी:
नाना, मी स्वतः कोकणी मुसलमान. रायगडाच्या परिसरात आमच्या पिढ्या गेल्या, बोली तुमच्या कोकणातल्या शेजाऱ्याचीच, आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान होता हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. हजेरी लावली म्हणता तेव्हा तुम्हीच धरून चाललाय की किल्ला दुसऱ्या कुणाचा आणि अंतुले साहेब पाहुणे. बाकी आमच्या गावात त्यांचं नाव निघतं ते तलवारीमुळे नाही हो, संजय गांधी निराधार योजना त्यांच्या काळातली, आजीला ते पैसे यायचे आणि शेजारच्या विधवा काकूंनाही यायचे, तिथे कुणी धर्म विचारत नव्हतं.

घाटावरचा:
आणि सिमेंट घोटाळा? सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात बिल्डरांकडून देणग्या घेतल्याचा अंतुल्यांवरचा आरोप विसरले का सगळे? हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी 1982 ला राजीनामा. नेता आहे, नेत्यासारखा मोजा. समाजाचा प्रतिनिधी केला की चांगलं पण समाजाच्या खात्यावर आणि वाईट पण. 2008 ला मुंबई हल्ल्यात गेलेले एटीएस प्रमुख हेमंत करकरे, त्यांच्या मृत्यूबद्दल अंतुल्यांनी शंका काढली, ते माझ्या मते बेजबाबदारच होतं, पण कितीतरी लोक लगेच धर्मावर घसरले, तेवढं चुकलं.

पेठेतला_नाना:
@घाटावरचा भाऊ, हे तर माझ्याच बाजूचं झालं की!

वाचनवेडी:
नाना तुम्ही एकाच माणसावर अडकलात. दादाभाई नौरोजी घ्या. पारशी, म्हणजे मूठभर समाज. 1892 ला फिन्सबरीतून ब्रिटिश पार्लमेंटात गेले ते शाळेत सगळे पाठ करतात, पण खरं काम हिशोबाचं. इथून दरवर्षी किती संपत्ती बाहेर जाते याचे आकडे ते वर्षानुवर्षं मांडत राहिले आणि त्यातून बंगाली काय मराठी काय पंजाबी काय, सगळे एकाच ठिकाणी लुटले जातोय हे लोकांना दिसलं. टिळक आणि गोखले, ज्यांचं एरवी पटायचं नाही, दोघंही तोच मुद्दा मांडायचे. तेव्हा 'भारतीय' म्हणजे कोण हे आधी ठरलेलंच नव्हतं, मग हजेरी कुठल्या वहीत लावणार?

पेठेतला_नाना:
दादाभाई मान्य. पण पारशांची कुणाला भीती नव्हती. मौलाना आझाद बघा. 1940 ला रामगढ काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून उभं राहून सांगितलं की मी मुसलमान आहे, त्याचा अभिमान आहे, आणि भारतीय राष्ट्रीयत्वाचा न तोडता येणारा भागही आहे. जीनांनी त्यांना काँग्रेसचा 'शो बॉय' म्हटलं. 1942 पासून आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत, बायको तिकडे कलकत्त्यात वारली. एवढं करून फाळणी झालीच ना? मग घडवली काय ओळख?

वाचनवेडी:
फाळणी थांबली नाही म्हणून ते भाषण फुकट गेलं? 1947 ते 58 शिक्षणमंत्री होते, खरगपूरची पहिली आयआयटी, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग), साहित्य अकादमी सगळं त्यांच्या काळातलं. साहित्य अकादमीचा पुरस्कार मराठी लेखकाला मिळाला की आपण पेढे वाटतो, तेव्हा शो बॉय आठवत नाही.

महाडचा_मी:
एक गंमत सांगतो. जिल्ह्याचं रायगड झालं तरी लोकसभेचा मतदारसंघ कुलाबाच राहिला होता, 2004 ला साहेब कुलाब्याचेच खासदार. 2009 ला मतदारसंघ रायगड झाला आणि त्याच निवडणुकीत शिवसेनेच्या अनंत गीतेंनी त्यांना पाडलं. नाना, यावरून आता सिद्धांत काढू नका, निवडणूक होती, हरले.

पेठेतला_नाना:
नाही काढत. पण 1982 नंतर राज्याला दुसरा मुस्लिम मुख्यमंत्री का मिळाला नाही तेवढं कुणीतरी सांगा, मग मी हजेरी हा शब्द मागे घेतो.