एकच मॉडेल, पण माझ्या मशीनवर चोपड्यापुढे नकाशा कोरा

केळीवाला:
चुलतभाऊ जर्मनीहून आला तेव्हा त्याचा जुना सायकलचा जीपीएस मला देऊन गेला. मित्राने पुण्यात घेतलंय तेच मॉडेल, बटणंसुद्धा तीच. रविवारी दोघं उनपदेवला निघालो तर त्याच्या स्क्रीनवर नाले, फाटे, शिवाररस्ते सगळं दिसतंय आणि माझ्या स्क्रीनवर हायवेची एक रेघ, बाकी पांढरं. अडावदजवळ मी पुढे होतो, वळण चुकलो, मशीन नुसतं पीं पीं करतंय, वळायचं कुठून ते सांगत नाही. शेवटी केळीला पाणी भरणाऱ्या बाबांनी रस्ता दाखवला. मशीन खराब आहे का सॅटेलाइट पकडत नाही?

तापीकाठ:
सॅटेलाइटचा काही संबंध नाही भो, तुझा ठिपका बरोबर जागी असणार, खालचा नकाशाच नाही. जिथे विकायचं तिथला नकाशा भरून देतात, तुझ्यात युरोपचा असेल. बाकी जगासाठी बेसमॅप, त्यात मोठे रस्ते आणि शहरं सोडून काही नसतं. टाकलेल्या रूटची रेघ त्यावरही दिसते, पण रस्ता चुकलास की नवा काढायला खाली रस्त्यांचा डेटा लागतो, तो नाही म्हणून पीं पीं.

सातपुडा_सिंगलस्पीड:
फुकटात होतं काम. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले नकाशे मिळतात. गार्मिन कंपनीचं मशीन असेल तर नकाशाची आयएमजी फाईल केबलने गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये टाक, आधी जागा किती शिल्लक आहे ते बघ. वाहू कंपनीचं असेल तर त्यांच्या ॲपमधूनच भाग निवडून उतरवता येतो. आणि नकाशाच्या सेटिंगमध्ये एकच चालू ठेव, दोन चालू राहिले तर एकमेकांवर चढतात आणि मग परत इथे विचारायला येशील 😄 नुसता महाराष्ट्राचा तुकडा घेऊ नको, सातपुडा ओलांडून सेंधव्याकडे उतरलास की पुन्हा कोरं.

गारा_स्पेशालिस्ट:
नकाशा टाकला म्हणजे झालं असं समजू नका. ओपनस्ट्रीटमॅप लोकांनीच काढलेला आहे, ज्या पाड्यावर कोणी काढायला गेलंच नाही तिथे तोही कोराच. दुसरं, रूटिंग, म्हणजे मशीनने कसले रस्ते निवडायचे ती सेटिंग, रोडवर ठेवा. माझं ग्रॅव्हलवर, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर राहिलं होतं, मशीनने दोन किलोमीटर वाचवायला शिवारात घातलं, आदल्या रात्री पाऊस पडलेला, काळ्या मातीचा गारा ब्रेकमध्ये असा बसला की चाक फिरेना, सायकल खांद्यावर मारून बांधावरून बाहेर आलो. नकाशावर तो रस्ता एकदम बरोबर होता बरं का.

केळीवाला:
टाकली फाईल. युरोपवाला बंद केला, आता फाटा दिसतोय, आमच्या गल्लीतलं मंदिरसुद्धा दिसतंय. मात्र आमच्या शेताकडची पांदण त्यात नाही, ती मीच काढतो. रविवारी परत उनपदेव, सकाळी साडेपाचला चोपडा बसस्टँड. गारावाले भाऊ, तुम्ही या पण पुढे राहू नका.