एकगठ्ठा मते, मतपेढी आणि 'फुटलेली' मते

खाडीपलीकडची
चिपळूणच्या एका साप्ताहिकाचा मजकूर तपासते. आलेल्या लेखात वाक्य आहे, 'कोकणी मुसलमानांची एकगठ्ठा मते आणि कुणब्यांची फुटलेली मते यांवर निकाल ठरेल.' पुढे लेखकाने 'एकगठ्ठा मते' काढून 'मतपेढी' घातलंय. दोन्ही एकच का? शिवाय 'फुटलेली' खटकतंय.

पडाव
एकच नाहीत. 'एकगठ्ठा' म्हणजे मते कशी पडली ते. मोजणी झाल्यावरच म्हणता येतं, आधी म्हटलं तर तो अंदाज. 'मतपेढी'ला मात्र मालक लागतो, 'अमक्या पक्षाची मतपेढी'. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये म्हैसूरकडच्या एका गावावर लिहिताना 'व्होट बँक' वापरला, तेव्हा त्यांच्यासमोर गावातला वजनदार माणूस होता, ज्याच्या शब्दावर त्याची कुळं नि आश्रित मत टाकतात. म्हणजे पेढी त्या माणसाची, जातीची नव्हे. पुढे पेपरवाल्यांनी माणूस गाळला आणि त्याच्या जागी अख्खा समाज बसवला.

झावळी
मालवणीत भारो गवताचो, मोळी लाकडांची नि गठ्ठो कागदांचो. मतांचो गठ्ठो पेपरात वाचलंय, घरात कोणाच्या तोंडात नाय. आमच्याकडे म्हणतत, 'ती वाडी अमक्याची'. पडावभाऊ सांगतत तोच माणूस ह्यो.

आगरवाट
पडाव, तुमचं अर्धंच पटलं. गठ्ठा नेहमी दुसराच कोणी बांधतो असं नाही. अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. खोतांची जमीन कसायची नाही हे कुळांनी आपणहून ठरवलं आणि उपासमार सोसून पाळलं. नारायण नागू पाटील पुढारी होते, पण तो एकोपा कोणा मालकाच्या धाकाने झालेला नव्हता, उलट मालकाविरुद्ध होता. त्याला 'पेढी' म्हणणं अपमान आहे. पुढे याच पट्ट्यात शेकापचा लाल बावटा रुजला. 'एकगठ्ठा'ला माझी हरकत नाही, 'मतपेढी'ला आहे.

मुंडकर
मला खरी गोची 'मत' या शब्दात दिसते. मतपेटीत टाकतो तेही मत, डोक्यात असतं तेही मत. मत 'टाकणं' एक, मत 'मांडणं' दुसरं. क्रियापद असेपर्यंत घोटाळा होत नाही. 'एकगठ्ठा मते' म्हटलं की क्रियापद जातं आणि वाचणारा समजतो की या लोकांचे विचारच एक आहेत.

अमेरिकेतलं उदाहरण देतो. तिथले बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार १९६४ पासून डेमोक्रॅटिक पक्षाला मत टाकत आलेत. टाकलेल्या मतांना एकगठ्ठा म्हणा हवं तर. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थरगुड मार्शल १९९१ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आले क्लॅरेन्स थॉमस, तेही कृष्णवर्णीय. वर्णावर आधारित सवलतींचे मार्शल खंदे पुरस्कर्ते, थॉमस कट्टर विरोधक. मांडलेल्या मतांचा गठ्ठा कुठे बांधणार?

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. तलाकपीडित बायकांचा मोर्चा त्यांनी १९६६ मध्ये मुंबईत विधानभवनावर नेला, समान नागरी कायदा मागितला. बॅरिस्टर अंतुले म्हसळा-श्रीवर्धनकडच्या आंबेतचे, काँग्रेसचे, १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. दोघेही कोकणी मुसलमान, पण त्यांची वाट एक नव्हती.

खाडीपलीकडची
हे मनाला लागलं. पण 'फुटलेली'चं काय?

मुंडकर
'फुटणे' म्हटलं की आधी अखंड होतं हे गृहीत धरलं. मग फोडणारा शोधायचा, त्याला फितूर ठरवायचं.

गोव्याचा जनमत कौल घ्या, १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. 'ख्रिस्ती विरुद्ध हिंदू' असं अजून लिहिलं जातं, पण ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून कमी होती, एवढी पानं त्यांच्या एकट्याच्या जोरावर येणं शक्यच नव्हतं. रवींद्र केळेकर, उदय भेंब्रे ही हिंदू लेखक मंडळी विलीनीकरणाच्या विरोधात होती. मडगावचं 'राष्ट्रमत' तर मराठी दैनिक, आणि ते महाराष्ट्रात जाऊ नका म्हणत होतं! या हिंदूंची मते 'फुटली' म्हणायचं? ती कोणाकडे गहाण कधी होती?

पडाव
राजापूर लोकसभा मतदारसंघही तसाच. खासदार नाथ पैंनंतर १९७१ पासून मधु दंडवते सलग पाच वेळा निवडून आले. जन्म अहमदनगरचा, जातीचं बळ इथे शून्य. जातीचे गठ्ठे मोजणाऱ्यांनी हे कोणत्या रकान्यात घालायचं?

झावळी
आता मतदान केंद्राप्रमाणे आकडे फॉर्म २० मध्ये छापून येतत. लेख लिवणाऱ्यान आपल्या वाडीचो कागद आधी बघूचो. एकाच वाडीत तीन-तीन पक्षांका मतां पडलेली दिसतली.

आगरवाट
पण बातमीत जागा किती असते? 'एकगठ्ठा' चार अक्षरांत भागतं. 'अमुक समाजातील बहुसंख्य मतदारांनी' म्हणायला अर्धी ओळ.

मुंडकर
'कल' दोन अक्षरांचा आहे. कल बदलतो, कमी-जास्त होतो, आणि तो बांधावा लागत नाही.

खाडीपलीकडची
लेखकाला फोन केला. 'मतपेढी' दोन्ही जागी काढायला तयार झाले, 'एकगठ्ठा'साठी बराच वेळ भांडले. शेवटी वाक्य असं ठरलं, 'कोकणी मुसलमान मतदारांचा कल गेल्या वेळी एका बाजूला होता, कुणबी मतदारांनी वेगवेगळ्या उमेदवारांना मते दिली. या वेळी दोन्हीकडे काय होतं त्यावर निकाल ठरेल.' ओळ वाढली म्हणून मांडणीवाला कुरकुरतोय. शेजारची आंबापेटीच्या भावाची चौकट थोडी आखूड करायला सांगितली आहे.