हापूसची शेती खरी कोणी बदलली? माझं मत: कल्टारने

कातळकर
आंबा बागायतीतल्या क्रांतीचा विषय निघाला की लोक नव्या जातींची नावं घेतात. रत्ना 1981 साली आली, नीलम आणि हापूसचा संकर. फळ चांगलं, पण आमच्याकडे पेटी भरते ती हापूसचीच. आणि हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. ही खोड मोडली कल्टारने, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल या वाढ रोखणाऱ्या औषधाने. झाडातलं जिब्रेलिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, कमी होतं, पालवीचा जोर ओसरतो, मोहोर दरवर्षी आणि लवकर येतो. आगाप, म्हणजे हंगामाआधीच्या, पेटीला वाशीच्या बाजारात काय भाव मिळतो, ते वेगळं सांगायला नको.

बागेतली सून
दादा, कल्टार घालायला आधी झाड हवं ना? आमचे आजेसासरे भेटकलमं करायचे. चांगल्या हापूसच्या फांदीखाली मांडव, त्यावर कुंडीतली रोपं, फांदीशी जोड बांधायचा आणि सांधा जुळेपर्यंत पाणी घालायला वर चढायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोयकलम रुजवलं आणि हा खटाटोप संपला. पावसात कोय रुजली की पानं तांबूस असतानाच शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, हापूसची डोळा फुगलेली काडी पाचरीसारखी तासून बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. झालं! 1990 साली रोजगार हमीतून फळबागेला शंभर टक्के अनुदान आलं, तेव्हा लोकांनी कातळात सुरुंग लावून खड्डे मारले. त्या खड्ड्यांना भेटकलमं पुरली असती का?

गजाली
वहिनीनू, बरोबर बोललात. आणि कातळकरानू, माका एक सांगा, कल्टार घालता कोण? बाग करारान घेणारो ठेकेदार. झाड मरता कोणाचा? मालकाचा.

कातळकर
हा औषधाचा दोष नाही हो. दहा वर्षांवरचं निरोगी झाड, फांद्यांच्या घेराच्या व्यासाला मीटरमागे 3 मिली, 15 जुलै ते 15 ऑगस्टमध्ये, बुंध्याभोवती आळ्यात भोकं पाडून. शेणखत-खत वेळेवर द्यायचं. एवढं पाळलं तर झाड खचत नाही.

गजाली
ह्या पुस्तकातला झाला. करार तीन वर्षांचो. शेवटच्या वर्षी ठेकेदार डोळे मिटून ओतता, खताचो पत्तो नाय. मगे पालवी आखूड, झुबक्यासारखी, आणि मोहोर गच्च पण फळ टिकणा नाय. परत झाड सुधरूक मालकाक वर्षां लागतत.

खलाटी
दोघंही मूळ सोडून बोलताय. अनुदान नसतं तर कोयकलमं रोपवाटिकेतच राहिली असती. पडीक वरकस जमीन बागेखाली आणली ती सरकारी योजनेने.

बागेतली सून
योजना बाकी पिकांनाही होत्या, भाऊ. पैसे आले नि वाटले गेले. इथे पैसा आला तेव्हा कलम तयार होतं, म्हणून बागा उभ्या राहिल्या. कातळकर दादा, तुमच्या बागेतली कलमं कोयीची की भेटीची, ते सांगा आधी.

कातळकर
कोयीची. पण वर्षाआड मोहोर येत होता, तेव्हा कर्जाचा हप्ता तरी कुठे वर्षाआड होता?