फ्रेंच गाणी आणि नॅरोगेजच्या आठवणी

गावातल्या वृद्धांच्या आठवणी रेकॉर्ड करून परतताना गाडीत फ्रेंच गाणी लावली तर ऐकलेलं पुसून जातं का, असा प्रश्न एकानं विचारला आहे. माझा ग्वाल्हेरचा अनुभव अगदी उलट आहे.

मी ग्वाल्हेरहून श्योपूरच्या वाटेवरच्या गावांत जाते ती नॅरोगेजच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या रेल्वेच्या, आठवणींसाठी. जवळपास २०० किलोमीटरचा, रुळांमधलं अंतर जेमतेम ६१० मिलिमीटर असलेला हा मार्ग २०२० साली बंद पडला. त्या गाडीनं माहेरी गेलेल्या आज्या अजून आहेत, तोवर हे काम व्हायलाच हवं.

आता गाण्यांबद्दल. मला फ्रेंच जेमतेम समजतं, त्यामुळे कान अर्थामागे धावत नाही. आवाज, श्वास, थांबणं यांतच रमतो. फ्रेंच बोलण्यात शब्दाअखेरचा जो 'ए' (e) बहुधा गिळला जातो, तो गाण्यात पुष्कळदा पूर्ण अक्षर म्हणून गायला जातो, आणि ओळ कशी लांबते! ते ऐकून घरी रेकॉर्डिंग उतरवायला बसलं की आजीचे थांबेही ऐकू येतात. पूर्वी मी ते कोरे सोडायचे, आता कंसात नोंदवते. कारण बऱ्याचदा थांब्यानंतरच खरी गोष्ट येते.

एवढं मात्र पाळा: गावांची, नात्यांची नावं परतीसाठी गाडी सुरू करण्याआधीच वहीत लिहा. आणि मुलाखत चालू असताना जवळपास कुठलंही गाणं नको, रेडिओसुद्धा बंद करायला सांगा. आवाजात मिसळलेलं संगीत नंतर नीट वेगळं काढणं फार कठीण जातं.