समन्स दाराला चिकटवलं म्हणजे बजावणी झाली का?

पाणंद : गावच्या घराला बारा महिने कुलूप, आम्ही सगळे पुण्यात. चुलत्यांनी वाटपाचा दावा लावला, पत्ता त्याच घराचा दिला. बेलिफाने समन्स दाराला डकवलं, पंचांच्या सह्या घेतल्या. आम्हाला कळलं ते फेरफाराची वेळ आली तेव्हा, एकतर्फी हुकूमनामा (आमच्या गैरहजेरीत कोर्टाचा निकाल) झाल्यावर. चुलत्यांकडे माझा नंबर होता, दिवाळीत बोललो होतो! दाव्यात प्रतिवादीचा मोबाईल नंबर सक्तीचा करा आणि व्हॉट्सॲपवर पोचलं की बजावणी झाली असं धरा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निळ्या टिकांवरून नोटीस पोचल्याचं मानलंच आहे.

काळा कोट, सातारा : ती निकालानंतर वसुलीसाठी केलेल्या दरखास्तीतली (अर्जातली) नोटीस होती, दाव्याचं पहिलं समन्स नव्हे. पहिलं समन्स बजावलं की कैफियतीचे (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे) ३० दिवस सुरू होतात, कोर्टाने वाढवले तरी ९०. माझ्या एका अशील आजींचा फोन दिवसभर नातवाच्या हातात असतो. त्याने मेसेज उघडला, टिका निळ्या झाल्या, आजींना पत्ताच नाही. जमीन जाईल त्यांची. मला हे मुळीच मान्य नाही.

बेलिफाची लेक : वडील एसटीने गावोगाव फिरायचे. घरात माणूस असून "नाहीत" सांगायचे, शेजारी सही द्यायला तयार नसत. चिकटवणं हा त्यांचा आळस नव्हता, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम १७ मध्येच ते आहे. आता बेलिफांच्या एनस्टेप ॲपवर जागेची नोंद आणि फोटो होतो. पण त्यातून बेलिफ दारापर्यंत गेला एवढंच कळतं.

पाणंद : आजींचा मुद्दा पटला. मग व्हॉट्सॲपला पूर्ण बजावणी मानू नका, पण चिकटवण्याआधी कोर्टातून फोन झालाच पाहिजे. आणि वादीने नंबर ठाऊक असून लपवला तर हुकूमनामा रद्द.

काळा कोट, सातारा : फोनची अट मान्य. आपोआप रद्द नको, लपवल्याचं शाबित व्हायला हवं. तुम्ही मात्र हुकूमनामा रद्द करायला आदेश ९, नियम १३ खाली अर्ज लगेच टाका. समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांची मुदत. फेरफाराचं कधी कळलं, ती तारीख आधी काढा.